राग कोणाच्या दारीं नेला ?

जानेवारीची तीस तारीख जवळ आली कीं आमच्या महाराष्ट्रांत दोन पोवाडे ऐकूं येऊं लागतात. पहिला खून करणाराचा. तो पूर्वीं दारें लावून गाइला जात असे. १९९८ सालीं तो तिकीट लावून रंगभूमीवर आला, आणि आतां तर भरचौकांत गाण्याचीहि कोणाला भीति वाटत नाहीं. दुसरा पोवाडा आमच्याच माणसांचा. पारावर, चहाच्या दुकानांत, लग्नाच्या मांडवांत कोणी तरी आपल्या बापानें किंवा आज्यानें सांगितलेली हकीकत रंगवूं लागतो, "अठ्ठेचाळीस सालीं आमच्या गांवानें भटांचीं घरें कशीं पेटविलीं !" ऐकणारे मान डोलावतात, एखादा टाळी देतो, आणि चहाचा दुसरा कप मागविला जातो. पहिल्या पोवाड्याचा समाचार या पत्रानें पुष्कळ वेळां घेतला आहे व पुढेंहि घेऊं. आज आम्हांस दुसऱ्याचा घ्यावयाचा आहे. ज्यांना हा लेख झोंबेल त्यांनीं तो दोनदां वाचावा.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतों. हें लिहिणारे कोणी भटांचे वकील नव्हेत. जोतीरावांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज काढला, त्या समाजाच्या मिठावर आम्ही वाढलों. भिक्षुकशाहीनें आमच्या आज्यापणज्यांस काय दिलें व काय नाकारलें तें आम्हांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. देवळाच्या पायरीवर, शाळेच्या ओट्यावर, कुळकर्ण्याच्या दप्तरापुढें आमचीं माणसें कशीं उभीं राहत तें आमच्या घरोघरीं सांगितलें जातें. म्हणूनच बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे. दुसऱ्या कोणी हें सांगितलें असतें तर तुम्ही म्हणालां असतां, याचें घर जळलें म्हणून हा ओरडतो. आमचें घर जळलें नाहीं. आमची अब्रू जळली.

३० जानेवारी १९४८. शुक्रवार होता. सायंकाळीं पांच वाजून सतरा मिनिटांनीं दिल्लीच्या बिर्ला भवनांत, दोन नातींच्या खांद्यांवर हात ठेवून प्रार्थनेस निघालेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यावर तीन गोळ्या झाडण्यांत आल्या. हें आभाळांतून कोसळलेलें संकट नव्हतें. दहाच दिवस आधीं, २० जानेवारीस, त्याच आवारांत बाँब उडाला होता. त्याच्याहि आधीं २५ जून १९३४ रोजीं पुण्यांत, अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर असतां, त्यांची म्हणून समजलेल्या मोटारीवर बाँब पडला होता. अस्पृश्याला माणूस म्हणा एवढें सांगत फिरणाराला आमच्या पुण्यानें तेव्हांच उत्तर दिलें होतें.

त्या रात्रीं रेडिओवरून बातमी सांगतांना मारणारा हिंदु आहे हें मुद्दाम सांगण्यांत आलें. कारण उघड होतें. फाळणीचें रक्त अजून वाळलें नव्हतें. मारणारा मुसलमान अशी नुसती आवई उठती तरी रातोरात गल्ल्या लाल झाल्या असत्या. एका शब्दानें हजारों जीव वांचले. पण पुढें त्या हिंदूचें नांव आलें, गांव आलें, आणि आडनांव आलें. आमच्या महाराष्ट्रांत आडनांव म्हणजे जातीचा दाखला ! दिल्लीच्या मुसलमानांना वांचविण्याची जी काळजी घेतली गेली ती साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, सांगलीच्या ब्राह्मणांसाठीं घेण्याचें कोणाच्या ध्यानींमनींहि आलें नाहीं. आणि छत्तीस वर्षांनीं त्याच दिल्लीनें स्वतःचाच धडा गिळून टाकला. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजीं इंदिरा गांधींवर गोळ्या झाडणारे शीख होते एवढें कळायचा अवकाश, सरकारी मोजदादीप्रमाणें एकट्या दिल्लींत २,७३३ शीख मारले गेले. मारणारे दोन. मेले २,७३३. हा कोठला हिशेब ?

आतां त्या शुक्रवारच्या रात्रीं आमच्या शेतकऱ्याची काय अवस्था झाली तें पाहूं. कारण त्याला नुसता गुंड म्हणून मोकळें होणें आम्हांस मान्य नाहीं. घरांत रेडिओ नाहीं. बातमी चावडीवर कळली, ती अर्धी कळली. १९४२ सालीं ज्यानें पाठीवर लाठ्या खाल्ल्या, ज्याच्या गांवानें पत्री सरकारच्या माणसांना कणग्यांत लपवून भाकरी घातली, ज्याला स्वराज्य येऊन साडेपांच महिनेच झाले होते, त्याला सांगितलें गेलें कीं म्हातारा गेला. तो काय करणार ? दिल्ली आठ-नऊशें मैलांवर. दुसऱ्याच दिवशीं यमुनेच्या कांठीं दहन. खांदा देतां आला नाहीं, तोंड पाहतां आलें नाहीं. खुनी जागच्या जागीं पकडलेला. त्याला शिक्षा द्यावयाची ती कोर्ट देणार. हातांत कांहींच नाहीं ! घरांत मयत झालें म्हणजे माणूस पाणी तापवितो, लांकडें फोडतो, सोयऱ्यांना निरोप धाडतो. दुःख हातांतून उतरतें. येथें देशाचा बाप गेला आणि करोडो हातांना काम उरलें नाहीं. असे रिकामे झालेले हात फार धोक्याचे असतात. त्यांना पहिलें जें काम कोणी सांगेल तें ते करतात.

आणि काम सांगणारे टपून बसलेलेच होते. कोणाचा जमिनीचा वाद होता, कोणाचें कर्जाचें खत अडकलें होतें, कोणाला बांधावरून झालेल्या कज्जांत भटानें खोटी साक्ष दिल्याची आठवण होती. कांहींना नुसतीं भांडीं, धान्य व दागिने दिसत होते. कांहींचें राजकारण होतें. कांहीं गांवीं तर जमाव बाहेरून आला आणि गांवकऱ्यांनीं फक्त घर दाखविण्याचें काम केलें. तें करतांना आपण कांहींच केलें नाहीं असें त्यांना वाटत राहिलें. हतबल माणसाच्या दुःखाचा असा बाजार मांडला गेला. दुःख खरें होतें, हें आम्ही पुन्हां सांगतों. लबाडी त्याला दिशा दाखविणाऱ्यांची.

त्या रागाला खतपाणी घालणारीं माणसें दुसऱ्या बाजूलाहि होतीं. गांधीजींच्या मृत्यूनंतर संघाच्या लोकांनीं आनंद व्यक्त केला व मिठाई वाटली असें खुद्द सरदार पटेलांनीं ११ सप्टेंबर १९४८ च्या पत्रांत गोळवलकरांस लिहिलें आहे. ज्याच्या कानावर असली मिठाई येईल त्याचें मस्तक भडकणार नाहीं तर काय होईल ? पण भडकलेल्या मस्तकाच्या खालीं दोन डोळे असतात. ते उघडे होते काय ? मिठाई वाटणारा कोण आणि जळणारा कोण, हें कोणी पाहिलें ?

जळला तो गांवचा भिक्षुक, ज्याची सबंध मिळकत म्हणजे चार पितळी भांडीं आणि पंचांग. जळला तो मास्तर, ज्याच्याकडे आमचीं पोरें धुळाक्षरें गिरवून पुढें मामलेदार झालीं. चित्पावन कोण, देशस्थ कोण, कऱ्हाडे कोण, याची चौकशी झाली नाहीं. सोवळ्यांत तांबड्या अलवणांत बसलेल्या म्हाताऱ्या विधवांना दिल्लीच्या कटाची काय खबर असणार, हा विचार कोणाच्या मनाला शिवला नाहीं. दादरला डॉक्टर नारायणराव सावरकर यांना दगडांनीं घायाळ केलें. त्यांच्या भावावर खटला झाला व भाऊ १९४९ सालीं निर्दोष सुटला, तर खटलाहि न झालेले नारायणराव त्याच वर्षीं वारले. कोल्हापुरास भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटविला. नेताजी पालकर आणि बहिर्जी नाईक यांना ज्यानें पडद्यावर आणलें त्याचा स्टुडिओ शिवछत्रपतींच्या नांवानें घोष करणाऱ्या गांवांत राख झाला ! त्या स्टुडिओंत भिंती उभ्या करणारे सुतार, रंगारी, दिवे धरणारे गडी काय सगळे भट होते ? आमच्याच पोरांची भाकर त्या राखेंत होती.

गांधींच्या खुनाचा सूड म्हणे ! ज्या पोटजातीचा म्हणून हा सूड उगवला त्याच पोटजातींत गांधींनीं ज्यांना गुरु मानलें ते गोपाळराव गोखले जन्मले. विनोबा भावे त्यांतलेच. कोंकणांत स्वतःच्या हातानें भंगीकाम करणारे अप्पा पटवर्धन त्यांतलेच. आणि पंढरपूरचें देऊळ हरिजनांना उघडें व्हावें म्हणून १९४७ सालीं प्राण पणाला लावणारे साने गुरुजीहि त्यांतलेच. खून झाल्यावर फेब्रुवारींत गुरुजींनीं एकवीस दिवस अन्न वर्ज्य केलें. त्यांच्याहि हातांना काम नव्हतें. त्यांनाहि राग आणि शरम यांनीं ग्रासलें होतें. त्यांनीं तो राग आपल्या पोटांत घेतला, परक्याच्या छपरावर टाकला नाहीं. आम्हांस उपासतापासांचें वेड नाहीं, सगळ्यांनीं उपाशी बसावें असेंहि आमचें म्हणणें नाहीं. पण एका भट-मास्तरानें त्या महिन्यांत जें केलें त्याच्या शेजारीं आमच्या गांवानें केलेलें ठेवून पाहा, आणि मग पोवाडा गा.

जोतीरावांचें नांव घेऊन जाळपोळीचें समर्थन करणारे महाभाग आम्हांस भेटतात, त्यांना एक तारीख सांगावी लागते. जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली ती कोठें ? पुण्यास बुधवार पेठेंत, तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यांत. जोतीरावांचे सोबती कोण ? गोवंडे, परांजपे, वाळवेकर. त्यांनीं पोटच्या पोरासारखा वाढविलेला यशवंत कोणाचा ? एका ब्राह्मण विधवेचा, जिला तिच्या जातीनें टाकलें आणि एका माळ्यानें आसरा दिला. जोतीरावांइतका घणाघात ब्राह्मण्यावर दुसऱ्या कोणीं केला ? पण त्यांच्या दारांत ब्राह्मण बाई बाळंत होऊं शकत होती. भिड्यांच्या वाड्यांत पहिली पाटी लिहिली गेली त्याला १९४८ सालीं बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं. शंभरावें वर्ष आम्हीं वाडे पेटवून साजरें केलें !

येथें आमच्या स्वतःच्या पत्रांकडेहि बोट करावें लागेल. 'दीनमित्र', 'विजयी मराठा', 'कैवारी' यांच्या वंशांतले आम्ही. दिनकरराव जवळकरांचें 'देशाचे दुश्मन' १९२५ सालीं निघालें, त्यावर खटला झाला, अपिलांत बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले व आमचीं माणसें सुटलीं. त्या लढ्याची आम्हांस लाज नाहीं. मारणाऱ्याला लेखणीनें मारण्याचा हक्क आम्हीं कमावलेला आहे. पण लिहितांना आम्ही भिक्षुकशाही म्हणत होतों आणि वाचून दाखवितांना 'भट' म्हणत होतों, हें खोटें काय ? शाही म्हणजे व्यवस्था. ती आगपेटीनें जळत नाहीं. भट म्हणजे शेजारी, तो जळतो. हा फरक लेखणीला ठाऊक होता, पारावर तो कोणी समजावून सांगितला नाहीं. आमच्यांतल्या शहाण्यांनीं गर्दीला खूष ठेवण्यासाठीं तो मुद्दामच पुसट होऊं दिला. पुढें काय होणार याची त्यांना कल्पना नव्हती असें म्हणावें तर ते दुधखुळे ठरतात, होती म्हणावें तर त्याहून वाईट.

सुतकपातक आम्ही सत्यशोधक मानीत नाहीं. तरी रीत ठाऊक आहे : घरांत मयत झालें म्हणजे त्या दिवशीं चूल पेटत नाहीं, शेजारी पिठलंभाकरी आणून घालतात. गांधीजींच्या अस्थि १२ फेब्रुवारीस प्रयागला विसर्जन झाल्या. म्हणजे अस्थि अजून नदींत पडल्या नव्हत्या, सारा देश सुतकांत होता, आणि आमच्या गांवांत चुली नव्हेत, घरेंच्या घरें पेटलेलीं होतीं. ज्यानें जन्मभर मारूं नका म्हटलें त्याच्या तेराव्याचें जेवण हें !

बरें, एवढें करून मिळालें काय ? हा आमचा खरा प्रश्न आहे, आणि याचें उत्तर पोवाडे गाणाऱ्यांनीं द्यावें.

खुनाच्या कटाकडे पाहा. २० जानेवारीच्या बाँबानंतर मदनलाल पाहवा जागेवर सांपडला. त्याच्या जबानींत पुण्याच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला. तो संपादक कोण हें पुण्यांतल्या पोलिसांना डोळे मिटून सांगतां आलें असतें. त्या पत्राकडून सरकारनें पूर्वीं जामीन मागितलेला होता. मुंबईस रुइया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनीं मुख्यमंत्री बाळासाहेब खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापुढें जाऊन मदनलालनें आपल्याला काय सांगितलें होतें तें कथन केलें. आणि तरी दहा दिवस तो संपादक मोकळा हिंडला, पिस्तूल मिळवून दिल्लीस परत आला, प्रार्थनेच्या गर्दींत जाऊन उभा राहिला. दहा दिवस ! त्या दहा दिवसांत कोण झोपलें होतें ? कोणाची चिठ्ठी कोणाच्या टेबलावर पडून राहिली ? जो राग साताऱ्यांत पेटला तो जर मुंबईच्या सचिवालयावर चालून जाता, लाखों माणसें जर हात बांधून दारांत बसतीं आणि एवढेंच विचारतीं कीं "या दहा दिवसांचा हिशेब द्या", तर कोणत्या सरकारची गप्प बसण्याची छाती झाली असती ?

पण आग लागली आणि प्रश्न धुरांत गडप झाला. सरकारला उत्तर देण्याऐवजीं बंदोबस्त करण्याचें काम मिळालें. तें सरकारला नेहमींच आवडतें. खटला झाला, १५ नोव्हेंबर १९४९ रोजीं अंबाल्याच्या तुरुंगांत दोघे फांसावर गेले, आणि प्रकरण मिटलें असें सर्वांनीं मानलें. पुढें १९६४ सालीं जन्मठेपेचे कैदी सुटून आले तेव्हां नोव्हेंबरांत पुण्यास पूजा करून त्यांचा सत्कार झाला, आणि त्या समारंभांत लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर बोलून गेले कीं बेत आपल्याला आधींपासून ठाऊक होता. तेव्हां कोठें विधिमंडळांत आणि लोकसभेंत गदारोळ उठला, चौकशी नेमली गेली, आणि न्यायमूर्ति जीवनलाल कपूर यांचा अहवाल १९६९ सालीं आला. पोलिसांच्या ढिलाईवर त्यांत पानेंच्या पानें आहेत. खून १९४८ सालीं. हिशेब १९६९ सालीं. एकवीस वर्षें ! आणि तोहि आमच्या रागानें मागितला म्हणून नव्हे, तर दुसऱ्याची जीभ सैल सुटली म्हणून.

जमिनीकडे पाहा. पुष्कळांची समजूत आहे कीं अठ्ठेचाळीसच्या आगीनें भट गांवांतून गेला आणि जमीन आमची झाली. ही समजूत अडाणीपणाची आहे. भट गेला हें खरें. तो पुण्यास गेला, मुंबईस गेला, पोरांना शिकविलें, आणि त्याचीं नातवंडें अमेरिकेंत पोंचलीं. कुळाला जमीन मिळाली ती १९४८ च्या कुळकायद्यानें आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानें. त्या कायद्यामागें वर्षानुवर्षांच्या शेतकरी सभा होत्या, मोर्चे होते, तुरुंगवास होते. घर जाळणाराला कायद्यानें एक गुंठाहि जास्त दिला नाहीं. उलट जाळपोळींत जो सर्वांत पुढें ढकलला गेला, तो भूमिहीन मांग-रामोशी, त्याच्या नांवावर कुळाचीहि नोंद नव्हती. पोलीस आले तेव्हां मात्र पहिलें नांव त्याचें. मशाल कोणाच्या हातीं द्यावी हें पाटलांना बरोबर कळतें.

आमचे पूर्वज याहून शहाणे होते. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत शेतकरी सावकारांवर उठले आणि तें बंड पुणें-नगर जिल्ह्यांत पसरलें. सुप्यास लूट झाली, आग लागली, तें आम्ही लपवीत नाहीं. पण गांवोगांव शेतकऱ्यांनीं सावकाराच्या दारांत जाऊन मागितलें काय ? खतें ! कर्जाचे कागद ! कागद दिले तर कागदांची होळी आणि सावकार सुखरूप. त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या कुणब्यांना आपला वैरी कागदांत आहे हें कळत होतें. म्हणून इंग्रज सरकारला कमिशन बसवावें लागलें आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा करावा लागला. त्र्याहत्तर वर्षांनीं, शाळा शिकलेल्या, सभा ऐकलेल्या, स्वराज्य मिळविलेल्या त्यांच्या नातवांना कागद कोणता आणि माणूस कोणता हें ओळखतां आलें नाहीं.

आतां थोडें पलीकडच्या पंगतीला. आमचा हा लेख कात्रून कोणी आपल्या बैठकींत फिरवील आणि म्हणेल, पाहा, ब्राह्मणेतरच कबूल करतात ! खुशाल फिरवा. पण जळलेल्या घरांचा धूर खुन्याच्या तोंडावर पांघरूण म्हणून ओढूं नका. घर जळलेल्या ब्राह्मणाचें दुःख हें त्याचें आहे, गोडशाच्या पुतळ्याला हार घालणाऱ्याचें नव्हे. त्या गरीब भिक्षुकावर आग आणली ती एका हातानें आमच्या गर्दीनें, तर दुसऱ्या हातानें त्या पिस्तुलवाल्यानें. आपल्या जातीच्या हजारों निरपराध कुटुंबांवर काय गुदरेल याची ज्यानें पर्वा केली नाहीं, त्याला तुम्ही जातीचा वीर म्हणतां ? तुमच्याच आज्यांना विचारा, त्या फेब्रुवारींत रानांतून पोरें काखेला मारून चालतांना त्यांनीं त्या वीराला काय म्हटलें असेल.

राग कसा वापरावा हें महाराष्ट्राला शिकतांच येत नाहीं असें मात्र नाहीं. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यास ओंकारेश्वराजवळच्या पुलावर नरेंद्र दाभोलकरांना सकाळीं गोळ्या घालण्यांत आल्या. त्या दिवशींहि हात रिकामे झाले होते, त्या दिवशींहि कांहीं तोंडांतून एका जातीचें नांव निघूं लागलें होतें. पण त्यांच्या माणसांनीं कोणाचें घर शोधलें नाहीं. चार दिवसांत जादूटोण्याविरुद्धचा वटहुकूम निघाला. जो कायदा जिवंत दाभोलकर वर्षानुवर्षें मागत होते तो डिसेंबरांत विधिमंडळानें केला. आणि दर महिन्याच्या वीस तारखेस तीं माणसें त्याच पुलावर जमूं लागलीं, गाणीं म्हणूं लागलीं, आणि विचारूं लागलीं : खुनी कोठें आहेत ? १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं कोल्हापुरास गोविंदराव पानसरे व उमाताई यांच्यावर फिरून येतांना गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनीं पानसरे गेले. ज्या कोल्हापुरानें १९४८ सालीं स्टुडिओ जाळला त्याच कोल्हापुरांत लोक सकाळीं उठून घोळक्यानें फिरावयास जाऊं लागले, जेथें मारलें तेथून निर्भयपणें. पुण्याच्या कोर्टानें १० मे २०२४ रोजीं दाभोलकर खटल्यांत दोघांना जन्मठेप दिली व तिघांना सोडलें. दहा वर्षें नऊ महिने लागले. फार लागले ! सूत्रधार कोण हा प्रश्न उरलाच आहे. पण एकहि घर जळलें नाहीं म्हणूनच तो प्रश्न अजून उभा आहे, कोणाला धुरांत लपतां आलें नाहीं. हें काम सोपें नाहीं. महिन्याच्या वीस तारखेस पाऊस असतो, रजा नसते, बरोबर येणारे कमी होत जातात. मशाल एक रात्र पुरते. हें काम वर्षानुवर्षें करावें लागतें, आणि आमच्या तरुणांना याचाच कंटाळा आहे.

अठ्ठेचाळीसमध्येंहि सगळेच पेटवायला धांवले नव्हते. ब्राह्मणाचीं बायकापोरें आपल्या माजघरांत लपवून उंबऱ्यावर कुऱ्हाड घेऊन बसलेले मराठे होते. रात्रींत गाडी जुंपून शेजाऱ्याला वेशीबाहेर स्टेशनापर्यंत पोंचविणारे धनगर, महार होते. व्यंकटेश माडगूळकरांनीं 'वावटळ' लिहून त्या दिवसांचें चित्र ठेवलें, तें आमच्या पोरांनीं वाचावें. लेखक ब्राह्मण आहे म्हणून बाजूस सारूं नये. ज्यांनीं घरें वांचविलीं त्यांचीं नांवें गांवांत अजून वृद्धांना माहीत असतील. त्यांचा पोवाडा कोणी गात नाहीं. कारण त्यांत धडाडणारी आग नाहीं, दारांत रात्रभर जागत बसलेला एक माणूस आहे, आणि त्याला दुसऱ्या दिवशीं आपल्याच भाऊबंदांनीं घातलेल्या शिव्या आहेत.

जातां जातां एक विनंती. त्या दिवसांतलीं भांडीं अजून कांहीं घरांतून असतील. जुन्या लोकांची भांड्यांवर नांव घालण्याची रीत होती. हंड्याच्या गळ्यापाशीं, परातीच्या कांठावर, तांब्याच्या पोटावर ठोक्यांनीं घातलेलें नांव. ज्यांच्या माळ्यावर असा हंडा असेल त्यांनीं तो एकदां खालीं काढून चिंचेनें घांसावा. कानशीनें खरवडलेलें असलें तरी नांव सहसा पुरतें जात नाहीं. आडनांवाचीं एकदोन अक्षरें राहतातच. तीं वाचावीं. त्या आडनांवाचीं माणसें हल्लीं पुण्यास किंवा मुंबईस असतील, चौकशी केली तर पत्ता लागेल. हंडा पोंचवितांना भाडें किती पडेल याची ज्यांना काळजी असेल त्यांनीं आमच्या कचेरींत आणून ठेवावा, पुढचें आम्ही पाहूं.